पोळ्यातली एकच आरोळी

माणसाला मध काढायची अक्कल यायच्या आधीची गोष्ट. एका ऐनाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. घरं बांधायची मेणाक्का. घाईत भेग राहिली, तर ती वरून मेणाचा पातळ लेप फासायची. पहाऱ्यावर होती रुणझुणी. मुंगी शिरो की मध गळो, तिची आरोळी एकच, "गडबड झाली!"

अळ्या सांभाळणारी सोनजाई वैतागली. "अगं, कुठे, कसली, ते सांग की!"

"ओरडायचं काम माझं. शोधायचं तुमचं."

"आणि मेणाक्का, भेगा झाकू नका हो, बुजवा."

"तुला दिसतेय का भेग? मग नाहीच ती."

एका दुपारी अळ्यांच्या वरची मधाची घरं फुटली. "गडबड झाली!" रुणझुणी ओरडली. सोनजाईसकट सगळ्या माश्या नांग्या परजून दाराकडे धावल्या. दारात कोणीच नव्हतं. त्या परतल्या, तोवर निम्म्या अळ्या मधात बुडून मेल्या होत्या.

संध्याकाळी बैठक भरली. "मी तर वेळेवर ओरडले होते," रुणझुणी म्हणाली. ते सगळ्यांना पटलं. यापुढे तिने आणखी मोठ्याने ओरडावं, असं एकमताने ठरलं.

सोनजाई बैठकीला गेली नाही. उरलेल्या अळ्यांच्या वरच्या भेगा ती एकटीच बुजवत होती.