राणी वेत्रवती आणि पान न गळणारी दरी

एका राज्यात वेत्रवती नावाची राणी राज्य करीत होती. राणी न्यायी होती, शूर होती आणि संतापी होती. इतरांचा राग नाकावर असतो, तिचा नाकाच्याही दोन बोटे पुढे असे. ती दरबारात आली की खांबदेखील ताठ उभे राहतात, असे लोक म्हणत. पती लढाईत कामी आला होता, मूलबाळ नव्हते. होती ती एक लवंगी नावाची कुत्री. रंगाने काळी, अंगाने बारकी, स्वभावाने तिखट. बारा वर्षांपूर्वी शिकारीच्या वाटेवर एका खड्ड्यात सापडली, राणीच्या बोटाला कडकडून चावली, आणि त्या दिवसापासून राणीच्या पलंगावर झोपू लागली. साऱ्या राज्यात राणीवर आवाज चढवणारी ती एकटीच.

एके दिवशी लवंगीने दूधभात हुंगला आणि तोंड फिरवले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी राणीने तिच्या अंगावरून हात फिरवला, तो बरगडीखाली बोटांना सुपारीएवढी गाठ लागली.

राजवैद्य शांबव आले. म्हातारे गृहस्थ, राणीच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. त्यांनी गाठ चाचपली, हिरड्या पाहिल्या, छातीला कान लावला. मग हात पुसत उभे राहिले.

"बोला," राणी म्हणाली.

"महाराणी, हे अर्बुद आहे. आत पसरलं आहे. याला औषध नाही."

"किती दिवस?"

"दोन पौर्णिमा. झाल्याच तर तीन."

"झाल्याच तर! साठ वर्षं वैद्यकी केलीत आणि धड एक आकडा सांगता येत नाही?"

"नाही येत, महाराणी," वैद्य म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले.

राणीने त्याच दिवशी दवंडी पिटवली: राजवाड्याच्या आवारात मरण हा शब्द कोणी उच्चारू नये. शब्द बंद झाला, पण सल्ले सुरू झाले. सेनापतीच्या मेहुणीच्या मांजराला म्हणे अगदी अशीच गाठ होती, ती कोरफडीने विरघळली. ज्योतिषी म्हणाला, कुत्रीला शनी लागला आहे. "तिला लागलाय की मला?" राणीने विचारले, आणि त्याला पंचांगासकट बाहेर काढले. प्रधान म्हणाला, तशाच रंगाचे एखादे पिल्लू आणावे. राणीने त्याच्याकडे असे पाहिले की तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही.

तरी राणीने सगळे करून पाहिले. कोरफड झाली, हळद झाली, सात विहिरींचे पाणी झाले. लवंगी प्रत्येक औषध गालात धरून ठेवी, राणीची पाठ वळताच गालिच्यावर थुंकून टाकी. एकदा काढ्याची वाटी तिसऱ्यांदा सांडली तेव्हा राणी कडाडली, "गीळ की मेले!"

आणि तिचे शब्द तिच्याच कानांवर आदळले. दवंडी तिनेच मोडली होती. ती वाटी हातात घेऊन तशीच बसून राहिली.

तेवढ्यात खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. त्या राज्यात पक्षी बोलत. त्याचे कोणाला नवल नव्हते. उलट ते फार बोलतात अशी तक्रार होती. ही साळुंकी म्हातारी होती, तिचा एक पंख खाली लोंबत होता.

"राणी, उत्तरेला एक दरी आहे. तिथे धूम्रकेश जादूगार राहतो. त्याच्या कोषात एक गुटिका आहे. ती गिळणाऱ्याला मरण नाही."

"मग इतके दिवस का नाही बोललीस?"

"तीन दिवस याच खिडकीत बसले आहे. तू ओरडत होतीस."

राणीने घोडा मागवला. लवंगीला मागे ठेवायचे ठरले होते, पण ती वेशीपर्यंत धावत आली आणि घोड्याच्या पायांत भुंकत उभी राहिली. राणी तिच्यावर रागावली, परत जा म्हणाली, पुन्हा रागावली, आणि शेवटी तिला पुढ्यात घेऊन निघाली. साळुंकी खोगिरावर बसली आणि वाटभर बोलत राहिली.

सातव्या दिवशी दरी आली. झाडे पानांनी गच्च होती, फांद्या फळांनी वाकल्या होत्या, पण खाली जमिनीवर एक पान नव्हते, एक पाकळी नव्हती. राणीने आंबा तोडू पाहिला. आंबा पिकलेला होता, पण देठ सोडीना. वारा नव्हता. हवा शिळी होती.

एका शिळेवर धूम्रकेश बसला होता. त्याचे केस धुराचे होते आणि सावकाश वर जात होते.

"गुटिका हवी," राणी म्हणाली.

"तीन कामं करावी लागतील."

"तीनच का?"

"तशी रीत आहे."

"कुणी पाडली?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नसलेल्या रीतीसाठी मी उन्हातान्हात हिंडू? माझ्याकडे दिवस कमी आहेत, जादूगारा!"

"ज्यांच्याकडे दिवस कमी असतात तेच इथे येतात," धूम्रकेश म्हणाला. "उलट्या नदीचं पाणी आण."

उलटी नदी डोंगराच्या पायथ्यापासून माथ्याकडे वाहत होती. राणीने घागर भरली. पाणी काठावर चढले आणि बाहेर पडून वर निघून गेले. पुन्हा भरली, पुन्हा गेले. दुपार झाली. लवंगी काठावर धापा टाकत पडली होती. अखेर राणीने वैतागून घागर उपडी आपटली, तो पाणी उसळून आत शिरले आणि उपड्या घागरीत स्थिर राहिले. राणीने घागर तशीच उपडी धरून आणली आणि धूम्रकेशापुढे ठेवली. त्याने ठीक आहे म्हटले नाही की शाबास म्हटले नाही.

"सप्तमुखी नागाचा मणी आण," तो म्हणाला.

नागाच्या बिळापर्यंत दोन दिवसांची वाट होती. आता लवंगी घोड्यावरही बसेना, खोगीर तिच्या गाठीला रुतत होते. राणीने खांद्यावरची शाल काढली, झोळी केली, तिला छातीशी बांधले आणि पायी निघाली. नागाला सात तोंडे होती, आणि कोडे आधी कोणी घालायचे यावरून त्यांचे भांडण चालले होते. पहिले म्हणे मी थोरला, सातवे म्हणे नेहमी मीच शेवटी का. राणी घटकाभर उभी राहिली. झोळीत लवंगी कण्हली.

"गप्प!" राणी ओरडली. या आवाजाने तिच्या दरबारात भांडणे थांबत. सातही तोंडे दचकून उघडली, आणि चौथ्यातून मणी खाली पडला. राणीने तो उचलला आणि चालू लागली. मागे सातही तोंडे हे कोणामुळे झाले यावर भांडू लागली.

तिसरे काम कोषाचे दार उघडायचे. दार दगडाचे होते. त्याला कुलूप नव्हते, कडी नव्हती. मधोमध एक कान होता.

"जे आजवर तू स्वतःच्या तोंडाने म्हटलं नाहीस, ते या कानात सांग," धूम्रकेश म्हणाला.

राणीने कानाला तोंड लावले. सांगितले, की राज्याभिषेकाच्या दिवशी मी घाबरले होते. दार हलले नाही. सांगितले, की पती लढाईला निघाला तेव्हा मी भांडून आत गेले, दारापर्यंतही आले नाही. दार हलले नाही.

"अजून काय हवंय याला?" राणी दारावर मूठ आपटून म्हणाली.  साळुंकी नेमकी तेव्हाच गप्प होती. राणीने खाली झोळीकडे पाहिले. लवंगीचे डोळे अर्धे मिटले होते, पोट भराभर हलत होते.  तिने पुन्हा दगडाला तोंड लावले.

"लवंगी मरणार आहे," ती म्हणाली.

दार उघडले.

आत सोन्याच्या राशी होत्या, त्यांच्यावर धूळ होती. राणीने तिकडे पाहिलेही नाही. कोनाड्यात तांब्याची डबी होती, डबीत जोंधळ्याच्या दाण्याएवढी काळी गुटिका. राणीने ती चिमटीत धरली, तशी साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.

"राणी, आता मला विचार, ती गिळल्यावर कसं वाटतं."

"तुला काय ठाऊक?"

"तीनशे वर्षांपूर्वी ससाण्याने माझा पंख मोडला. मी याच्या ओंजळीत मरत होते. याने मला गुटिका दिली. मी मेले नाही. पण पंख तेव्हा दुखत होता तितकाच आजही दुखतो. मरण थांबतं, राणी. दुखणं नाही थांबत. त्या दिवसापासून या दरीत पान गळलेलं नाही."

राणी धूम्रकेशाकडे वळली. "हे खरं?"

जादूगाराने मान खाली घातली. "ती गेली असती तर माझ्याशी बोलायला कोण होतं?"

राणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ती साळुंकीवर उसळली. "मग मला इथवर आणलंस कशाला?"

"माझ्या स्वार्थासाठी. ज्याला ही गुटिका जिवापाड हवी आहे, त्याने तिन्ही कामं करून ती मिळवावी आणि आपल्या पायाने चिरडावी, तेव्हाच हा शाप तुटेल. तुझ्याआधी दोघे आले. एक नदीवरूनच परत गेला. दुसऱ्याला या दारात शब्द फुटला नाही. तू घेऊन गेलीस तर मी अडवू शकत नाही. फक्त खोटं सांगणार नाही."

"चिमण्या बोलतात, कावळे बोलतात, तू तर घटकाभर थांबत नाहीस!" राणी म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "आणि जिला विचारायचं, ती तेवढी एक अक्षर बोलत नाही!"

ती सोन्याच्या राशीवरच मटकन बसली. लवंगीला मांडीवर घेतले. अजून निश्चय होत नव्हता. तिने गुटिका लवंगीच्या तोंडाशी नेली. वाटले, आता ही मान फिरवील, दात आवळील, मग बघू.

लवंगीने निमूटपणे तोंड उघडले.

बारा वर्षांत तिने राणीचे एकही ऐकले नव्हते. आज ऐकले. तिच्यात नाही म्हणायचे बळ उरले नव्हते. राणीने ते इवलेसे तोंड हलकेच हाताने मिटवले, गुटिका जमिनीवर टाकली आणि टाचेखाली चिरडली.

त्याच क्षणी बाहेर वारा सुटला. तीनशे वर्षांची पाने एकदम गळू लागली. फळे धपाधप पडली, सारी दरी पिकल्या आंब्यांच्या वासाने भरून गेली. साळुंकी म्हणाली, "सुटले गं बाई," आणि राणीच्या खांद्यावरून घरंगळली. धूम्रकेशाने तिला ओंजळीत झेलले. त्याचे धुराचे केस पांढरे होऊन खाली आले, आणि तो एक साधा म्हातारा दिसू लागला. राणी दाराबाहेर आली तेव्हा पाने तिच्या गुडघ्यांपर्यंत चढली होती. झोळीतून लवंगीने कान टवकारले, आणि एवढी पाने कोणाच्या परवानगीने पडताहेत म्हणून भुंकू लागली.

परत आल्यावर राणीने दवंडी मागे घेतली आणि शांबवांना बोलावले.

"वैद्यराज, बरं करण्याचं औषध मागत नाही. तिला दुखू नये, एवढं करता येईल?"

"ते करता येईल, महाराणी."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"आपण विचारलं नव्हतं."

राणीने ओठ घट्ट आवळले आणि त्यांच्या हातातली पुडी घेतली.

पुढे एकेचाळीस दिवस दरबार गच्चीवर, उन्हात भरला, कारण लवंगीला ऊन हवे असे. ती फक्त जिलबी खाई, म्हणून रोज जिलबी तळली जाई. फिर्यादी आणि गावकरी यांनाही तीच मिळे. बेचाळिसाव्या दिवशी दुपारी दोन भाऊ बांधाचे भांडण घेऊन उभे होते. लवंगीने राणीच्या पावलावर डोके टेकले, एक मोठा श्वास सोडला, आणि पुढचा घेतला नाही. राणीने पाय हलवला नाही. ऊन कलेपर्यंत ती तशीच बसली, आणि ते दोघे भाऊही न सांगता तिच्यासमोर बसून राहिले.

तेराव्या दिवशी द्वारपाल म्हणाला, कोणी पांढऱ्या केसांचा म्हातारा आला आहे, दारातून हलत नाही. राणी बाहेर आली. धूम्रकेश पायरीवर बसला होता, अंगावर पानांचा चुरा.

"आता काय हवंय?" राणी म्हणाली.

"काही नाही. दरीत फळं पुष्कळ आहेत, गावचे लोक येतात, टोपल्या भरून नेतात. पण घरात कुणी बोलत नाही."

राणीला त्याचा फार राग आला. तीनशे वर्षे एका पाखराला दुखत ठेवले याने. तिने तसे बोलूनही दाखवले, चांगले खडसावून. म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले, एकदाही नाही म्हटले नाही. बोलता बोलता राणी दमली आणि त्याच पायरीवर टेकली.

"तुझी कशी होती?" त्याने विचारले.

"लवंगी? त्रास होता नुसता!" राणी म्हणाली. "परदेशच्या वकिलाचे जोडे खाल्लेन. राज्याभिषेकाच्या वर्धापनदिनी सिंहासनावर पिल्लं घातलीन, पाच. आणि घोरायची तर अशी, की पहारेकरी आत धावत यायचे..."

ती सांगत राहिली, म्हातारा ऐकत राहिला. आतून दोघांसाठी ताटे आली. राज्याचा कारभार दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सिंहासनावरून चालू झाला आणि खांब ताठ उभे राहिले. ज्यांच्या घरचे कोणी बोलायचे थांबले असेल, त्यांना ऐकणारे कोणी पायरीवर मिळो. एवढे मागून ही कथा खाली ठेवली.