विंगेतला पाट

फार पूर्वी, रानातही नाटकं व्हायची तेव्हाची गोष्ट. दूरच्या शहरात नाट्यकला शिकून साळुंकी रानातलं नाटक बसवायला घरी परतली. मखमली पडदा, रंगीत प्रकाशयोजना असेल, असं तिला वाटलं होतं. इथे होता एक ठिगळांचा पडदा, एक कंदील आणि रंगमंचाशेजारी, विंगेत पाटावर बसून संवाद सांगणारे कासवकाका.

"काका, प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांना ऐकू येता कामा नये," ती म्हणाली.

"येतो खरा. पण वाक्य विसरलं तरी मी दिसलो की ससा सावरतो गं."

"त्याला पाठांतर करू दे." तिने पाट उचलून काकांना प्रेक्षकांत बसवलं.

संध्याकाळी तिसरी घंटा झाली, पडदा उघडला. सशाने पहिलं वाक्य म्हटलं, रिकाम्या विंगेकडे पाहिलं आणि त्याचे कान पडले. पुढचं काही आठवेना. समोरच्या विंगेत साळुंकीच्या तोंडचं पाणी पळालं. सगळं नाटक पाठ असूनही तिलाही ते वाक्य सुचेना.

शेवटच्या रांगेतून काकांनी हळूच ते वाक्य सांगितलं.

"काका, जरा मोठ्याने," शेजारी बसलेली खार म्हणाली, "त्याला ऐकू जात नाही."

काकांनी पुन्हा सांगितलं. सशाचे कान उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकीने विंग झाडली. काकांचा पाट जागेवर ठेवला आणि त्याला लागूनच स्वतःसाठी दुसरा मांडला.