ताटातलं ऊन

ऐन आषाढात अणुवीज प्रकल्पाचे कारखानीस साहेब किनाऱ्यावरच्या त्या गावात आले. गावाला सौरवीज हवी होती आणि साहेबांना गावाची जमीन. सरपंच यशोमती तांडेल यांच्याकडे जेवताना साहेब हसत म्हणाले, “बाई, ऊन काही साठवता येत नाही. पावसाळ्यात काय कराल?”

यशोमतीबाईंनी सुक्या बोंबलाची चटणी वाढली. साहेबांनी ती चाटूनपुसून खाल्ली, पुन्हा मागितली.

“या वाळवलेल्या बोंबलात वैशाखातलं ऊन आहे, साहेब. होड्या बंद असल्या की आम्ही तेच खातो. साठवायचं आम्हाला नवीन नाही. तुमच्या प्रकल्पाचा कचराही पिढ्यान्‌पिढ्या साठवायचाच ना? तो कुणाच्या ताटात वाढणार?”

बाई चटणी घेऊन पुन्हा आल्या, तेव्हा साहेबांनी ताटावर हात आडवा धरला.