वाटी बुडेपर्यंत

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा एका नगरात बाजारात बसायचं तर आधी चारचौघांत बोलून दाखवावं लागे.

त्या नगराची रीतच तशी होती. नवा व्यापारी आला की त्याला चावडीसमोरच्या पारावर उभं करायचे. शेजारी पाण्याचं घंगाळ. त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. वाटी भरून बुडेपर्यंत त्यानं आपल्या मालाविषयी बोलायचं. तोवर निम्मी माणसं बसून राहिली, तर त्याला बाजारात जागा मिळे. नाही तर गाठोडं उचला आणि चालू लागा! संधी दोनदाच, तिसऱ्यांदा नाही.

एकदा तिथं एक विणकर आला. डोंगरापलीकडच्या खेड्यात सहा घरं आणि सहा माग. सगळे घोंगड्या विणायचे. पूर्वी व्यापाऱ्यांचे तांडे त्यांच्या दारावरून जात आणि सगळा माल उचलत. मग तांड्यांनी वाट बदलली आणि घोंगड्यांचे ढीग आढ्याला टेकले. यंदा त्या खपल्या नाहीत, तर सहाही घरं माग मोडून गाव सोडणार होती. म्हणून सगळ्यांनी मिळून याला पाठवलं. का, तर याची घोंगडी सगळ्यांत चांगली. बोलण्याचं म्हणाल, तर हा गडी बायकोशीसुद्धा मान हलवूनच बोलायचा!

बिचारा घाबरून नगरातल्या एका शास्त्रीबुवांकडे गेला. बुवांनी त्याला भाषण रचून दिलं. "हे नगरभूषण रसिकजनहो!" अशी त्याची सुरुवात होती. विणकरानं ते चालताना, जेवताना, आंघोळ करताना घोकलं.

पण पारावर चढला आणि समोर ही गर्दी! त्यानं डोळे घट्ट मिटले आणि एका दमात सुरू झाला. लोकरीची महती झाली, राजाची स्तुती झाली, चंद्रसूर्यही येऊन गेले. डोळे उघडले, तेव्हा समोर एक कुत्रं बसलं होतं आणि वाटी अर्धीही भरली नव्हती.

तो पाराच्या पायरीवर बसून रडला. मोठी माणसंही रडतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

घंगाळ सांभाळायला एक म्हातारी होती. चाळीस वर्षं ती त्या पारावरची भाषणं ऐकत आली होती. ती म्हणाली, "रडतोस कशाला रे? अजून एक वेळ आहे की तुझी."

"मला बोलता येत नाही, आजी."

"बोललास की घडाघडा! पण कुणाशी बोललास?"

विणकरानं त्या कुत्र्याकडे पाहिलं.

"हे बघ, पुढच्या बाजाराला आठ दिवस आहेत. गाठोडं इथं ठेव आणि रिकाम्या हातानं गावात फिर. विकू नकोस, विचार. आणि विचारलंस की मध्ये बोलू नकोस. ते तर तुला जमतंच!"

ते मात्र त्याला खरंच जमलं. "तुम्ही घोंगडी का घेत नाही?" एवढंच तो विचारायचा आणि ऐकत बसायचा.

घाटावरचा नावाडी म्हणाला, "पहाटे नदीवर गारठून जातो रे आम्ही. पण घोंगडी टोचते. एकदा घेतली होती, ती बायकोनं म्हशीवर टाकली."

सुईण म्हणाली, "बाळंतिणीला उबेला हवीच असते. पण तुमची केवढी ती ताठ! भिंतीला लावली तर उभी राहील."

विणकर चपापला. खेड्यात सगळे सुताला चिंचोक्याची खळ सढळ हातानं लावत. माल कडक दिसला की तांडेवाले खूश होत. पण तांडेवाले काही ती पांघरत नव्हते! पांघरणाऱ्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्यानं गाठोडं नदीवर नेलं, प्रत्येक घोंगडी दोनदा धुतली, आपटली, वाळवली.

आठव्या दिवशी पुन्हा तोच पार आणि तीच गर्दी. पण या वेळी डोळे उघडे होते. गर्दीत त्याला नावाडी दिसला, सुईण दिसली, आणि त्याची भीती थोडी ओसरली.

"नावाडीदादा," तो म्हणाला, "तुम्ही म्हणालात, घोंगडी टोचते. खरं आहे. टोचते."

लोक हसले. आपल्याच मालाला नावं ठेवणारा व्यापारी त्यांनी कधी पाहिला नव्हता. उठायला निघालेले पुन्हा बसले.

"चूक आमची. आम्ही खळ फार लावतो. दिसायला बरी दिसते, पण अंगाला लागते. ही मी धुऊन आणलीय. जरा गालाला लावून बघा. सुईणबाई, तुम्हीही बघा. अजून टोचली तर तोंडावर सांगा. मी ऐकायलाच उभा आहे."

घोंगडी या हातातून त्या हातात फिरली. कुणी शंका काढी, कुणी चिडवी, तो अडखळत उत्तरं देई. एका आजोबांनी ती अंगावर ओढली, ते परत देईचनात. वाटी कधी बुडाली, कुणाला कळलंही नाही. म्हातारीनं वेळ संपल्याची थाळी दोनदा बडवली, तरी माणसं बसूनच होती.

विणकराला बाजारात जागा मिळाली. खेड्यातलं एकही घर हललं नाही, उलट सहा मागांचे नऊ झाले. तो मोठा वक्ता काही झाला नाही. पण तो पारावर चढला की लोक हातातलं काम टाकून येत, कारण त्याच्या बोलण्यात त्यांना आपलंच सुखदुःख ऐकू येई.

तात्पर्य: ज्याला लोकांसमोर बोलायचं आहे, त्यानं आधी त्या लोकांचं मन लावून ऐकावं.