उंबरावरच्या किल्ल्या

थांबा, थांबा! गाडीच्या, घराच्या, असतील तेवढ्या किल्ल्या आधी या उंबराच्या खिळ्यांना अडकवा. हसू नका, काका. कुणी नेत नाही तुमची गाडी. चालवणार कोण, मी? मी धोंडाबाई ढेबे, वरच्या धनगरवाड्यातली. या घळीत किल्ली घेऊन कुणी जात नाही. पुढे दोन्ही कडे इतके जवळ येतात, की आभाळाची नुसती चिंधी उरते. तिथं पाण्याकाठी पडकं जोतं दिसेल, ती आगासकर शेटाची माडी.

शेट मुंबईचा, पैशाला तोटा नव्हता. उन्हाळ्यात गारव्याला म्हणून त्यानं माडी बांधली म्हणे. घळीला जायला-यायला हे एकच तोंड. तिथं लोखंडी दार बसवलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली. दर उन्हाळ्यात सगळं घरदार यायचं, आमरस खायचं, पत्ते कुटायचं, परत जायचं.

मग प्लेगात शेटाचा एकुलता मुलगा गेला. त्याची बायको वेणूबाई म्हणाली, विनूला घेऊन माहेरी जाते. विनू तिचा लहानगा, शेटाचा एकटाच नातू. तो हातचा जाईल या भीतीनं म्हातारा फिरला. "तुला इथली हवा मानवेल," म्हणत सुनेला माडीत आणून ठेवलं, घळीच्या दाराला कुलूप घातलं, सोबतीला एक स्वयंपाकीण. विनू मुंबईला. उन्हाळ्यात सगळे आले की तेवढाच आईच्या कुशीत. काय दगडाचं काळीज म्हणायचं!

पण असं सांगतात, की वेणूबाईला वर जायची वाट सापडली होती. मागच्या कड्यावरून वानरं चढायची, ती बघून बघून ती शिकली. वर यायची, आमच्या बायकांत बसायची, ताक प्यायची आणि मुकाट खाली उतरायची. माझ्या आजेसासूनं विचारलं, "बाई, पळून का जात नाहीस?" ती म्हणाली, "पळाले तर विनू परत दिसेल का मला?"

एका उन्हाळ्यात सगळे माडीत असताना वळीव कोसळला. तोंडाशी दरड आली, दार गाडलं गेलं, ओढा तुंबला. पाणी पायऱ्या चढायला लागलं. शेट म्हणे किल्ली हातात धरून दगडांपुढे नुसता उभा. किल्ली होती, दार नव्हतं.

वेणूबाईनं विनूला पाठीशी बांधलं आणि कडा चढली. वर आमच्या बायका म्हणाल्या, "पोर तुझ्याजवळ आलं. आता सुटलीस, जा! बुडू दे त्या मेल्यांना." ती घडीभर बसली. पोराचं तोंड पुसलं, त्याला आजेसासूच्या मांडीवर दिलं आणि पुन्हा उतरली. सासूला आणलं, नणंदेला आणलं, गडीमाणसांना आणलं. शेवटी शेट. मध्यावर तो अडला, पाय पुढे टाकेना. त्या काळी सून सासऱ्यापुढे उभी राहायची नाही, पण हिनं हात पुढे केला.

"सूनबाई, काय हवं ते माग," म्हातारा रडायला लागला.

"मामंजी, आधी पाय उचला."

वर पोचल्यावर शेटानं कमरेची किल्ली सोडून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. ती घेऊन, विनूचं बोट धरून वेणूबाई डोंगर उतरली. माहेरी जाताना याच उंबराला तिनं किल्ली अडकवली. शेटानं अडवलं नाही. माडीत पुन्हा कुणी राहिलं नाही. पुढे ओढ्यानं दरड वाहून नेली. दार मोडून पडलं, आता त्यावरूनच तुम्ही ओढा ओलांडाल.

ती बघा किल्ली. झाडानं गिळलीय, नुसती कडी बाहेर आहे. आजही आमच्याकडे लग्न लागलं की सासरा इथं येऊन घराची किल्ली खिळ्याला लावतो. नवी नवरी आपल्या हातानं ती काढते, आपल्याजवळ ठेवते. ती काढेपर्यंत वरात हलत नाही.

काका, या तुमच्या सूनबाई ना? मग परत येताना किल्लीला हात लावू नका. त्या काढतील.