बोटभर ताण

“मग माझं चुकलं तरी कुठं, बाबा?”

गावाबाहेरच्या तकियात, चिंचेखाली बसलेल्या हुसेनबाबा फकिरांना विश्वंभर डांगे विचारत होते. बाबा लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

डांग्यांनी घरामागे चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या होत्या. पहिल्या खोलीत शालन सुतार आणि तिच्या दोन मुली. शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवी. नऊ वर्षांत डांग्यांनी तिचं भाडं एका पैशानं वाढवलं नव्हतं, आणि हे ते लग्नाकार्यात चारचौघांना आवर्जून सांगत.

मग घरपट्टी वाढली. पाण्याची टाकी फुटली. आजूबाजूची भाडी कुठल्या कुठं गेली. गेल्या रविवारी त्यांनी शालनच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली... पुढच्या महिन्यापासून भाडं दुप्पट.

“भांडली का ती?” बाबांनी विचारलं.

“भांडली असती तर बरं झालं असतं. एक शब्द बोलली नाही. भांडी पोत्यात भरायला लागली. परवा टेम्पो येतोय.”

तिनं जाऊ नये, एवढंच डांग्यांना हवं होतं. तिच्या मुली त्यांच्याच ओट्यावर पाढे म्हणत मोठ्या झाल्या होत्या.

“नऊ वर्षांत तिच्याकडं कितीदा जाऊन बसलात, मालक?”

शेवटी डांगे खरं ते बोलले. दर पाडव्याला थोडं वाढवावं असं मनात यायचं. पण त्यासाठी समोर बसून बोलावं लागलं असतं. तिची अडचण ऐकावी लागली असती, आपली सांगावी लागली असती. जीभ रेटायची नाही. शिवाय लोक मोठ्या मनाचा म्हणत, तेही गोड लागायचं.

बाबांनी भिंतीलगतच्या बाजेकडं बोट दाखवलं. “बसा.”

डांगे बसले आणि खाली गेले. गुडघे हनुवटीला लागले. बाबा खुदकन हसले. “पाळणाच झालाय हो. जरा आवळा की.”

डांगे उठले. पायथ्याची गाठ सोडली, लाकडाला पाय लावला आणि एका दमात दोरी ओढली.

कट्.

दोन पदर तुटून लोंबू लागले. डांगे ओशाळले.

“सुंभ जुनं झालंय, बाबा.”

“ती पलीकडची बघा.”

पलीकडच्या बाजेवर डांग्यांनी तळवा दाबला. डग्ग्याच्या चामड्यासारखी ताठ.

“ही नवी दिसते.”

“दोन्ही एकाच दिवशी विणल्या. एकाच सुंभाच्या. तिच्यावर मी निजतो. दर शुक्रवारी हात फिरवून बघतो, बोटभर आवळतो. कधी कुरकुरते, मग थोडी सैल सोडतो.”

“आणि ही?”

“ही पाहुण्यांची. विणल्यापासून हिला हात लावला नाही.”

डांगे तुटलेल्या दोरीकडं बघत राहिले.

मग हळूच, स्वतःचीच बाजू मांडल्यासारखे म्हणाले, “पण मी शालनताईला नऊ वर्षांत कधी त्रास दिला नाही, बाबा.”

बाबांनी तुटलेलं टोक उचलून त्यांच्या हातात ठेवलं.

“मी तरी हिला कुठं दिला?”