नंबर कुणाचा दाखवू?

“फोन माझा, बोलणारा मी. फक्त नंबर दुसऱ्याचा दिसला, तर त्यात एवढं खोटं काय, बुवा?”

भैरवगिरी बुवा मठाच्या पायरीवर बसून झोळीला ठिगळ लावत होते. सुईत दोरा काही जाईना.

“दुसऱ्याचा कसा दिसतो?” त्यांनी विचारलं.

मकरंदला तेच हवं होतं. इंटरनेटवरून जाणारे फोन वळवणाऱ्या कंपनीत तो वरच्या हुद्द्यावर होता, आणि धंद्याची गोष्ट निघाली की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

“फोन पुण्यातून निघो नाहीतर दुबईतून, वाटेत आमच्या यंत्रातून जातो. समोरच्याच्या मोबाइलवर कोणता नंबर उमटायचा, ते मी तिथं लिहितो. मी लिहीन तो दिसतो.”

“आणि तू काय लिहिलंस?”

ताठ मान जरा खाली आली.

“भाच्याचा नंबर...”

मग बाकीचंही बाहेर पडलं. अक्का त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचं मोठं केलं. गेल्या साली तिचे यजमान दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा ती मकरंदला फोन करत राहिली. स्क्रीनवर तिचं नाव दिसत होतं. हा मीटिंगमध्ये होता. उचलला नाही. नंतर केला, तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून अक्का त्याचा फोन घेत नाही.

अक्काचा मुलगा पुष्कर जहाजावर नोकरीला. त्याचा फोन वाजला की ती पिठाच्या हातानं धावते. मकरंदनं यंत्रात तोच नंबर लिहिला.

“पहिल्या रिंगला उचलला हो, बुवा! ‘बाळा, जेवलास का?’ म्हणाली. मी म्हटलं, अक्का, मी...”

“मग?”

“ठेवून दिला. आता पुष्करचाही उचलत नाही. तो नंबर दिसला की घाबरते. पोरगं बोटीवरून मला विचारतंय, मामा, आईला झालंय तरी काय?”

मग तो खिशातला मोबाइल काढून म्हणाला, “हवा तो नंबर दाखवता येतो मला. कोणता दाखवला तर ती माझं ऐकून घेईल, तेवढं सांगा.”

बुवांनी सुई त्याच्यापुढे धरली. “आधी दोरा ओवून दे.”

त्यानं ओवून दिला. बुवांनी उरलेले टाके घातले आणि झोळी त्याच्याच खांद्यावर अडकवली.

“गुडघा धरलाय माझा. आज भिक्षेला तू फिर. दारात उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं. दार उघडलं तर बरं, नाही उघडलं तर पुढं जायचं. मठाची रीत आहे.”

लंगडत लंगडत तेही निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी पारावर बसले.

पहिलंच दार गिरजाबाईंचं.

“मी मकरंद आलोय...”

आतला रेडिओ जरा बारीक झाला. पुन्हा मोठा झाला.

“मी मकरंद! पुण्याहून आलोय!”

काही नाही. खांद्यावर झोळी, पायात भारी बूट, आणि पोरंटोरं बघून हसायला लागलेली. मकरंदला स्वतःची लाज वाटली. मग त्यानं सवयीनं सोपी वाट धरली.

“भैरवगिरी बुवा आलेत हो!”

दार धाडकन उघडलं. गिरजाबाई गरम भाकरी घेऊन उंबऱ्यात. भाकरीवर लोण्याचा गोळा. “या बुवा, आज उशीर...”

पुढे केलेला हात तसाच राहिला. त्या रागावल्या नाहीत. मकरंदकडे नुसतं बघितलं आणि दार लावून घेतलं.

बुवा पारावरून उठले. गुडघा धरून त्याच दारापुढे येऊन उभे राहिले.

“भैरवगिरी आलाय, माई.”

दार उघडलं नाही.

“कोण?” आतूनच आवाज आला. “खरंच बुवा का?”

या दारात बुवांना नाव कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं. आताही त्यांनी सांगितलं नाही. उन्हात उभे राहिले.

मकरंदला ते बघवेना.

बऱ्याच वेळानं खिडकीची फट किलकिली झाली, मग कडी निघाली. गिरजाबाईंचे डोळे भरले होते. “चुकलं हो बुवा, तुम्हाला ताटकळत ठेवलं.”

“तुमचं काय चुकलं, माई?” बुवा म्हणाले, आणि भाकरी घेऊन मागे फिरले.

मठाची पायरी आली तेव्हा मकरंद म्हणाला, “पुष्करला मी असंच दाराबाहेर उभं केलंय...”

बुवा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले.

मकरंदनं पुष्करला सगळं खरं खरं लिहून पाठवलं. मग लॅपटॉप उघडला. यंत्रात भाच्याचा नंबर होता तो पुसला, आपला लिहिला.

“आता, बुवा?”

“रीत सांगितली की.”

त्यानं अक्काला फोन लावला. रिंग वाजत राहिली... वाजत राहिली... आणि आपोआप थांबली.

मकरंदनं डोळे पुसले. एवढा मोठा साहेब, पण बाहीनंच पुसले.

“नाही उचलला.”

“कुणाचा?”

“...माझा.”

बुवांनी भाकरी मोडली. लोणी होतं ती अर्धी त्याच्या हातावर ठेवली.

“मग लागला की फोन.”